एका तुकड्याची यंत्रे

स्वयंपाकघरात सांडशी आणि चिमटा बहुधा शेजारी शेजारी टांगलेले असतात. काम दोघांचे सारखेच: तापलेली वस्तू हात न भाजता धरायची. बांधणी मात्र अगदी वेगळी. सांडशीला दोन पाती असतात आणि त्यांना जोडणारे एक रिबिट. पाती त्या रिबिटाभोवती फिरतात. काही वर्षे वापरली की रिबिट झिजते, भोक मोठे होते आणि भरलेले पातेले उचलताना सांडशी हातात डळमळू लागते. चिमट्याला रिबिट नाही. एक लांब पट्टी मधोमध वाकवली की चिमटा झाला. बोटांनी दाबला की टोके मिटतात, बोटे सैल केली की आपण होऊन उघडतात. सांधा, स्प्रिंग आणि पकडणारे हात ही तिन्ही कामे ती एकच पट्टी करते.

स्वतः वाकून बल आणि हालचाल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या अशा एकसंध रचनेला लवचिक यंत्रणा किंवा कम्प्लायंट मेकॅनिझम म्हणतात. धनुष्य ही तिची फार जुनी जात. केसांना लावायची, दाबली की टक्कन उलटणारी पत्र्याची क्लिप आणि शाम्पूच्या बाटलीचे बाटलीलाच जोडलेले झाकण ही अलीकडची. धनुष्य किंवा चिमटा घडवणाऱ्याला गणित लागले नाही, कारण हालचाल सरळ होती आणि चुकतमाकत आकार सापडला. पण समजा, एका बाजूने ढकलले की समोरचे टोक पुढे न जाता मागे यायला हवे, तेही एकाच तुकड्यात, मध्ये कुठेही खीळ न घालता. मग साहित्य कुठे ठेवायचे आणि कुठे रिकामे सोडायचे, हे अनुभवी कारागिरालाही सहज सुचत नाही. या प्रश्नाचे उत्तर संगणकाकडून काढून घेण्याची सर्वांत समर्थ रीत म्हणजे टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन.

सांध्याची किंमत

दोन भाग एकमेकांभोवती फिरायचे तर त्यांच्यामध्ये थोडी फट हवीच. फट नसेल तर सांधा जाम होतो, जास्त असेल तर डगडगतो. या डगडगीला कारखान्यात ‘प्ले’ म्हणतात, आणि अचूक काम करणाऱ्या यंत्रात तिच्यापायी फार डोकेदुखी होते. हात उलट दिशेला फिरवला की आधी ही फट भरून निघते, मग टोक हलते. त्याखेरीज फटीत वंगण लागते, वंगणाला धूळ चिकटते, धुळीने पृष्ठभाग झिजतो. शिवाय प्रत्येक सांध्याची जोडणी कुणीतरी करायची असते. मिशिगन विद्यापीठात १९९४ मध्ये जी. के. अनंतसुरेश आणि लक्ष्मण सग्गेरे यांनी एकाच तुकड्याचा स्टेपलर तयार केला, तो हेच दाखवण्यासाठी. नेहमीच्या स्टेपलरमधले वेगवेगळे सुटे भाग, स्प्रिंगा आणि खिळी यांची कामे त्यात प्लास्टिकचा एकच वाकणारा आकार करत होता.

यंत्र जितके लहान, तितका सांधा अवघड. केसाच्या जाडीहून लहान भागांना रिबिट मारणे शक्य नाही, आणि त्या मापाला घर्षण फार जोरकस ठरते. म्हणून सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेली सूक्ष्म यंत्रे जवळजवळ सगळी वाकून किंवा पिळून चालतात. प्रोजेक्टरमध्ये चित्र उमटवणारी आरशांची चिप हे त्याचे ठळक उदाहरण. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ती घडवली. तिच्यातला प्रत्येक आरसा मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा असतो आणि धातूच्या एका अतिपातळ पट्टीला पीळ देत दोन्ही बाजूंना काही अंश कलतो. सेकंदाला हजारो वेळा कलला तरी त्याला वंगण लागत नाही, कारण घासणारे काही नाहीच. घड्याळाच्या धंद्यातही हा विचार पोहोचला आहे. झेनिथ या स्विस कंपनीने २०१७ मध्ये ‘डिफाय लॅब’ हे मनगटी घड्याळ दाखवले. नेहमीच्या घड्याळात वेळेचा ठोका सांभाळणाऱ्या चक्राचे आणि केसासारख्या स्प्रिंगचे मिळून सुमारे तीस भाग असतात. त्यांची जागा इथे अर्धा मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉनच्या एका तुकड्याने घेतली.

वाकण्याचा हिशेब

पट्टी वाकते म्हणजे तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी आखडते. किती बल लागेल हे जाडीच्या घनावर अवलंबून असते. एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीची जाडी निम्मी केली, तर तिचे मोकळे टोक तेवढेच हलवायला आठव्या हिश्श्याने बल पुरते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आणि थोडी अनपेक्षित आहे. टोक तेवढेच हलवले, तर पातळ पट्टीतला सर्वाधिक ताणही निम्मा होतो. म्हणजे वाकायचेच असेल तर जाड पट्टी अधिक भरवशाची नसून अधिक धोक्याची. मजबुती म्हणजे ताठपणा, हा रोजच्या व्यवहारातला समज या विषयात शिरताना दाराबाहेर ठेवावा लागतो. लांबीचा फायदा तर वर्गाने मिळतो. लांबी दुप्पट केली की त्याच हालचालीला ताण चौथाईवर येतो.

साहित्य निवडतानाही हीच उलटी दृष्टी लागते. पाहायचे ते असे की, कायमचा वाक न येता साहित्य किती ताण सोसते आणि ते मुळात किती ताठ आहे, या दोहोंचे गुणोत्तर किती. १०० मिलिमीटर लांब आणि १ मिलिमीटर जाड पट्टी साध्या बांधकामाच्या पोलादाची असेल, तर तिचे टोक साधारण ८ मिलिमीटर हलवेपर्यंत ती मूळ जागी परत येते. त्यापुढे वाक राहून जातो. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक पोलादापेक्षा कितीतरी कमकुवत, पण ते शंभर पटींहून अधिक नरमही आहे, त्यामुळे गुणोत्तरात ते साध्या पोलादाच्या पंधरा पटींहून पुढे जाते. स्प्रिंगचे पोलाद, टायटॅनियमचे मिश्रधातू आणि विमानात वापरले जाणारे ॲल्युमिनियम या दोन टोकांच्या मध्ये बसतात.

शाम्पूच्या बाटलीचे झाकण हातात घेऊन बारकाईने पाहिले, तर हा सगळा हिशेब तिथे उघडा पडलेला दिसतो. झाकण आणि तोंड यांना जोडणारी पट्टी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीची असते. साचा भरताना वितळलेले पॉलिप्रॉपिलीन याच अरुंद वाटेने एका भागातून दुसऱ्या भागात वाहते आणि त्याच्या लांब रेणूसाखळ्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे नेमक्या बिजागरीला आडव्या, ओळीत लागतात. साच्यातून निघताच झाकण एकदा मिटले की त्या साखळ्या आणखी ताणून सरळ होतात. वाकलेल्या रेषेवर जो पांढरट पट्टा दिसतो, तो याच ताणाची खूण. पुष्कळ झाकणांना मुख्य पट्टीच्या दोन्ही अंगांना आणखी दोन छोट्या पट्ट्या असतात. झाकण अर्धवट उघडले असताना त्या सर्वांत जास्त ताणलेल्या असतात, म्हणून अर्ध्यावर ते थांबत नाही. एकतर पूर्ण उघडते, नाहीतर टक् आवाज करून मिटते. बिजागरी, स्प्रिंग आणि कडी ही तिन्ही कामे दोन पैशांच्या प्लास्टिकने एका ओतीत केली.

आकार शोधायच्या दोन वाटा

लवचिक यंत्रणा आखायला जुनी वाट अशी: आधी नेहमीसारखी दांडे आणि खिळी यांची यंत्रणा काढायची, मग प्रत्येक खिळीच्या जागी साहित्य पातळ करून वाकणारा गळा ठेवायचा. अशा गळ्यांची सूत्रे पॅरोस आणि वाइसबोर्ड यांनी १९६५ मध्ये मांडली, आणि अचूक मोजमापाच्या यंत्रांत ती अजून वापरात आहेत. पुढे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात अशोक मिधा आणि लॅरी हॉवेल यांनी लांब वाकणाऱ्या पट्ट्यांसाठीही तशीच युक्ती काढली. पट्टीच्या जागी दोन ताठ दांडे, त्यांच्यामध्ये एक खीळ आणि खिळीवर एक स्प्रिंग आहे असे मानायचे. खीळ नेमकी कुठे मानली की पट्टीच्या टोकाचा प्रवास जुळतो, हे त्यांनी काढून दिले. टोकावर बल असेल तर ती मोकळ्या टोकापासून लांबीच्या सुमारे ८५ टक्के अंतरावर येते. कागद-पेन्सिलने मोठ्या वाकण्याचा हिशेब होऊ लागला, हे त्या कामाचे मोठे श्रेय.

मात्र या वाटेने जायचे तर आरंभीच एक यंत्रणा सुचलेली असावी लागते. किती दांडे, ते कुठे जोडलेले, हे माणूस ठरवतो आणि गणित फक्त मापे देते. शिवाय सगळे वाकणे चार-दोन गळ्यांत एकवटते. ताण तिथेच साचतो, मोडायचे तेव्हा तिथेच मोडते. दुसरी वाट जोडण्यांचा आराखडाच शोधून काढते. कुठे भोक, कुठे फांदी, किती फांद्या, हे काहीच आधी ठरलेले नसते. ‘टोपोलॉजी’ हा शब्द इथे त्या अर्थाने येतो. आकार थोडा फुगवणे-आवळणे वेगळे आणि त्यात नवे भोक पाडणे वेगळे. ही पद्धत दुसरे करू शकते.

तिचे मूळ पुलांच्या आणि छपरांच्या विचारात आहे. मेलबर्नचे अभियंते ए. जी. एम. मिशेल यांनी १९०४ मध्ये एक प्रश्न सोडवला: दिलेले वजन पेलायला कमीत कमी साहित्याची चौकट कशी असावी? उत्तरात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या, पंख्यासारख्या उलगडणाऱ्या रेषांची जाळी आली. बांधायला अशक्य, पण काटकसरीची शेवटची सीमा दाखवणारी. याच मिशेलनी जहाजांच्या अवजड दांड्यांचा रेटा तेलाच्या पातळ थरावर पेलणारे बेअरिंग शोधले. सांधा सर्वांत चांगला कसा करावा आणि सांध्यावाचून साहित्य कसे मांडावे, या दोन्ही विद्यांच्या मुळाशी एकच माणूस भेटावा हे मोठे सुखद आहे. त्यानंतर या प्रश्नाला संगणकाची वाट पाहावी लागली. १९८८ मध्ये डेन्मार्कचे मार्टिन बेंडसो आणि मिशिगनचे नोबोरू किकुची यांनी मांडले की आकार शोधण्याऐवजी साहित्याची वाटणी शोधावी. जागेच्या प्रत्येक बिंदूवर साहित्य किती, एवढेच विचारायचे. आकार आपोआप उमटतो.

जाळीतली घरे

प्रत्यक्षात हे असे चालते. यंत्रणेला जेवढी जागा उपलब्ध आहे तेवढा एक आयत घेतात आणि त्याची बारीक चौकोनी जाळी करतात. १०० आडवी आणि ५० उभी म्हटली तरी ५,००० घरे होतात. प्रत्येक घर काळे म्हणजे साहित्याने भरलेले किंवा पांढरे म्हणजे रिकामे. सगळ्या शक्यता एकेक करून तपासायच्या म्हटल्या तर त्यांची संख्या लिहायला दीड हजारांहून अधिक अंक लागतील. तो मार्ग बंद. म्हणून घरांना काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या करड्या छटाही घेऊ देतात. प्रत्येक घराला ० ते १ मधली एक घनता मिळते आणि ती थोडी वाढवली-घटवली तर काय फरक पडतो हे कलनशास्त्राने काढता येते.

पण करडे साहित्य कारखान्यात मिळत नाही. शेवटी घरे काळी-पांढरीच व्हायला हवीत. त्यासाठीची युक्ती साधी आणि फार सुंदर आहे. घराचा ताठपणा घनतेच्या प्रमाणात न धरता तिच्या घनाच्या प्रमाणात धरतात. अर्धी घनता घेतली तर साहित्य अर्धे खर्च होते, ताठपणा मिळतो फक्त आठवा हिस्सा. हा सौदा आतबट्ट्याचा असल्यामुळे हिशेब स्वतःच अधल्यामधल्या छटा टाळू लागतो. बेंडसो यांनी १९८९ मध्ये ही कल्पना मांडली, जॉर्ज रोझवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला सिम्प हे नाव दिले, आणि आज बहुतेक सॉफ्टवेअर तिच्यावरच चालते.

पूल आखताना विचारायचे एकच असते: इतक्या साहित्यात सर्वांत ताठ काय? यंत्रणेचे तसे नाही, आणि खरा अभ्यास इथून सुरू होतो. नुसता ताठपणा मागितला तर हलणारच नाही असा ठोकळा मिळतो. नुसती लवचिकता मागितली तर रचना इतकी मऊ होते की टोक हलते, पण समोरची वस्तू धरायची ताकद त्यात उरत नाही. चिमटा बोटांना मऊ लागला पाहिजे आणि पोळीला घट्ट. या दोन मागण्या एकाच वेळी मांडायच्या कशा, याची वेगवेगळी उत्तरे १९९०च्या दशकात आली. मिशिगनमध्ये मेरी फ्रेकर, अनंतसुरेश, किकुची आणि श्रीधर कोटा यांच्या गटाने लवचिकता आणि ताठपणा यांचे दोन वेगळे मापदंड घेऊन त्यांचे गुणोत्तर वाढवायचे ठरवले. डेन्मार्कच्या ओले सिगमुंड यांनी १९९७च्या निबंधात कामाच्या टोकाला एक काल्पनिक स्प्रिंग जोडली. ती स्प्रिंग म्हणजे समोरची वस्तू. स्प्रिंग ताठ ठेवली तर यंत्रणा दणकट येते आणि थोडीच हलते. नरम ठेवली तर सडपातळ फांद्यांची, लांब हालचाल करणारी यंत्रणा येते. यंत्रणा किती हळवी वा किती राकट असावी, हे एका आकड्यात सांगायची सोय त्यामुळे झाली.

या विषयात कसोटीला लावला जाणारा नमुना म्हणजे दिशा उलटवणारी यंत्रणा. आयताचे डावीकडचे दोन कोपरे पक्के धरलेले. डाव्या कडेच्या मध्यावर उजवीकडे ढकलायचे, आणि उजव्या कडेच्या मध्यावरचा बिंदू डावीकडे सरकला पाहिजे. सुरुवातीला सगळी घरे एकाच करड्या छटेची असतात, साधारण तीस टक्के भरलेली. अशा सलग पट्ट्याला डावीकडून रेटले तर उजवे टोकही अर्थात उजवीकडेच जाते, मागितल्याच्या नेमके विरुद्ध. पहिल्या काही फेऱ्यांत चित्र धुक्यासारखे दिसते. मग मधला भाग फिकट पडू लागतो, कारण तिथले साहित्य ढकल सरळ पुढे पोहोचवत असते. टोकाची हालचाल कमी होत शून्यावर येते आणि चिन्ह बदलते. तेथून पुढे चित्र झपाट्याने स्वच्छ होत जाते. ढकल वर आणि खाली अशी दोन फांद्यांत विभागते. प्रत्येक फांदी एका भरीव, त्रिकोणी भागाला जाऊन भिडते. तो भाग डाव्या कोपऱ्याला एका लांब हाताने बांधलेला असतो आणि तरफेसारखा थोडा फिरतो. त्याचे पलीकडचे टोक उजवीकडच्या बिंदूला मागे ओढते. तरफ, टेकू, दांडा यांपैकी एकही शब्द प्रोग्रामला सांगितलेला नव्हता.

या प्रत्येक फेरीत ५,००० घरांपैकी कुठल्या घरात भर घालायची आणि कुठल्यातून काढायचे, हे ठरवावे लागते. एकेक घर बदलून सगळा हिशेब पुन्हा करायचा तर दर फेरीला ५,००० वेळा रचनेचे विश्लेषण करावे लागेल. ते दोनच विश्लेषणांत भागते. पहिल्यात खरी ढकल लावायची. दुसऱ्यात ढकल काढून कामाच्या टोकावर एक एकक बल लावायचे. दोन्ही वेळी एखाद्या घरात जी विकृती, म्हणजे आकारातला बदल, होते, त्यांचा मेळ घातला की त्या घराचा टोकाच्या हालचालीशी असलेला संबंध थेट मिळतो. ज्या घरात दोन्ही विकृती एका वळणाच्या, तिथे साहित्य घालणे एका दिशेला नेते. ज्या घरात परस्परविरोधी, तिथे उलट. या देखण्या युक्तीमुळेच पद्धत व्यवहारात उतरली. सिगमुंड यांनी २००१ मध्ये ताठ रचनांसाठीचा पूर्ण प्रोग्राम मॅटलॅब भाषेत अवघ्या ९९ ओळींत छापला. जगभरच्या विद्यार्थ्यांनी तो टंकून चालवला, आणि थोडे फेरफार करून तो यंत्रणांनाही लावता येतो. दुसऱ्या टोकाला, त्याच डॅनिश गटाने २०१७ मध्ये विमानाच्या पंखाची आतली रचना शंभर कोटींहून अधिक घरांच्या त्रिमितीय जाळीत महासंगणकावर काढली.

मागच्या दाराने आलेली बिजागरी

संगणक विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, मनातल्या प्रश्नाचे नाही. या विषयात याचा अनुभव पहिल्याच दिवशी येतो. साध्या स्वरूपात प्रोग्राम चालवला की कित्येक भागांत बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटते, एक घर काळे, एक पांढरे. खऱ्या साहित्यात अशी नक्षी निरुपयोगी, कारण काळी घरे फक्त कोपऱ्याला कोपरा लावून उभी आहेत. पण चार कोपऱ्यांच्या साध्या घरांचे गणित तिला प्रत्यक्षाहून कितीतरी ताठ समजते. प्रोग्राम त्या चुकीचा फायदा घेतो. उपाय असा की प्रत्येक घराच्या हिशेबात शेजारच्या घरांची सरासरी मिसळायची. त्यातून नक्षी जाते, आणि फांदीची किमान जाडीही ठरवता येते.

यंत्रणांच्या बाबतीत मात्र याहून चिवट दोष उरतो. उलटवणाऱ्या यंत्रणेचे चित्र मोठे करून पाहिले, तर त्रिकोणी भागांच्या टोकांशी दोन काळी घरे एकाच कोपऱ्याने एकमेकांना शिवलेली आढळतात. गणिताच्या दृष्टीने तो बिंदू म्हणजे घर्षण नसलेली, विनासायास फिरणारी बिजागरी. वाकायला बल लागते, फिरायला लागत नाही. मग प्रोग्रामने वाकणे का पत्करावे? सांधा नको म्हणून हा सगळा खटाटोप मांडला, आणि मागितलेल्या कामासाठी सर्वांत उत्तम उत्तर सांध्यांचेच आहे असे गणिताने सांगितले. ते खोटे बोलत नाही. टोकाची हालचाल वाढवा, एवढेच त्याला सांगितले होते. साहित्य तुटू नये, हे प्रश्नात कुठेच नव्हते. असा तुकडा कापला तर त्या बिंदूवर एकतर पोकळी येईल, नाहीतर पहिल्या दाबात भेग.

या बिंदू-बिजागऱ्या घालवण्यावर अनेक वर्षे काम झाले. अनंतसुरेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाकणे सगळ्या फांद्यांत पसरावे यासाठी प्रश्नाची मांडणी बदलून पाहिली. कुणी ताणाची मर्यादा घातली. सर्वांत पटणारा उपाय कारखान्याच्या अनुभवातून आला. तो सिगमुंड यांनी २००९ मध्ये मांडला आणि दोन वर्षांत आणखी नेटका केला. कापताना किंवा ओतताना तुकडा थोडा जाड किंवा थोडा बारीक होणारच, हे धरून प्रत्येक आकाराच्या तीन आवृत्त्या एकदम तपासायच्या: आखला तसा, सगळीकडे किंचित फुगलेला आणि सगळीकडे किंचित झिजलेला. तिघांत जो सर्वांत वाईट चालेल त्याच्यावरूनच गुण द्यायचे. बिंदू-बिजागरी झिजलेल्या आवृत्तीत तुटून जाते, यंत्रणेचे दोन तुकडे होतात आणि गुण शून्य मिळतो. मग प्रोग्रामला बिजागरी सोडून लांब, लवलवत्या फांद्या शोधाव्याच लागतात. हालचाल आधीच्या चित्रापेक्षा कमी मिळते, पण ती खरी असते.

आणखी एक सावधगिरी लागते. सोप्या गणितात हालचाल अगदी लहान मानलेली असते, पाचपट ढकलले तर पाचपट सरकेल असे. मोठ्या हालचालीत पट्ट्या वळतात, बलांच्या दिशा फिरतात, आणि लहान हालचालीत उत्तम ठरलेली रचना अर्ध्या वाटेत अडकू शकते. अशा वेळी प्रत्येक फेरीत थोडे थोडे ढकलत पूर्ण वाकण्याचा हिशेब करावा लागतो. वेळ अनेक पटींनी वाढतो आणि जवळजवळ रिकाम्या घरांचे चौकोन पिळवटून हिशेब कोलमडतो तो वेगळाच त्रास. एवढे करूनही मिळालेले उत्तर सर्वांत उत्तम असेलच असे नाही. आरंभीची करडी छटा बदलली तर वेगळ्या फांद्यांची, तितकीच चांगली यंत्रणा निघू शकते. अनुभवी माणसे म्हणूनच एकदा चालवून थांबत नाहीत.

चित्रापासून तुकड्यापर्यंत

संगणकातून निघते ते घराघरांचे, दातेरी कडांचे चित्र. त्याच्या कडा गुळगुळीत वळणांनी पुन्हा काढाव्या लागतात, आणि आतल्या कोपऱ्यांना गोलाई द्यावीच लागते, कारण टोकदार कोपऱ्यात ताण साचतो. मग त्या आकाराचे नव्याने, अधिक बारीक विश्लेषण करून ताण तपासतात. सपाट यंत्रणा प्लास्टिकची असेल तर साच्यात ओततात किंवा लेसरने कापतात. धातूची असेल तर वायर-कट यंत्र सर्वांत सोयीचे. पुणे-पिंपरी भागातल्या साचे करणाऱ्या लहान कारखान्यांतही ते असते. बारीक तारेतून ठिणग्या पाडत ते पोलादाच्या जाड पाटीत नागमोडी फट कापते. तार पाटीला टेकत नाही, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा गळाही कापताना वाकत नाही. त्रिमितीय छपाईने कुठलाही आकार काढता येतो खरा, पण थर एकमेकांवर जिथे चिकटतात तिथे तुकडा दुबळा असतो. वाकणे थरांना सोडवणाऱ्या दिशेने आले तर तो लवकर चिरतो, म्हणून छपाईची दिशा वाकण्याकडे पाहूनच ठरवतात.

आयुष्याचा प्रश्नही इथे वेगळ्या रीतीने येतो. सांधा झिजतो, तो हळूहळू आवाज करून कळवतो. वाकणारी पट्टी थकते. हजारो-लाखो वेळा वाकल्यावर पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यापासून भेग सुरू होते आणि तुकडा अचानक मोडतो. ताण पुरेसा खाली ठेवला तर पोलादासारखे धातू जवळजवळ अमर्याद वेळा वाकतात, म्हणून आखताना ताणाला फार जपावे लागते. प्लास्टिकची अडचण निराळी. ते वाकलेल्या स्थितीत बराच काळ दाबून ठेवले की वाक अंगवळणी पडतो, आणि उन्हात तर लवकरच. प्लास्टिकचा कपड्यांचा चिमटा वर्षभर दोरीवर राहिला की त्याची पकड सैल होते, ते यामुळेही. पूर्ण गोल फिरणे तर लवचिक यंत्रणेला जमतच नाही. पंख्याला, चाकाला, गिरणीच्या जात्याला बेअरिंग लागणारच.

जिथे हालचाल मर्यादित आणि अचूकता मोठी, तिथे मात्र ती शोभते. राइट बंधूंनी १९०३ मध्ये विमानाचा डाव्या-उजव्या बाजूचा तोल सांभाळला तो पंखांची टोके तारांनी पिळून. पुढे पंख ताठ झाले आणि त्यांना बिजागऱ्यांवर हलणाऱ्या झडपा आल्या. झडप खाली झाली की तिच्या कडेला फटी आणि कोन तयार होतात व हवा तिथे फाटते. श्रीधर कोटा यांनी स्थापन केलेल्या फ्लेक्ससिस कंपनीने फटी नसलेली, स्वतः वाकणारी झडप तयार केली. तिच्या आतल्या लवचिक फांद्या वाकण्याचे काम साऱ्या लांबीभर वाटून घेतात. नासा आणि अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने नोव्हेंबर २०१४ पासून पुढचे काही महिने गल्फस्ट्रीम-३ जातीच्या विमानावर ती उडवून पाहिली. दर उड्डाणाला झडप एका ठरावीक कोनात ठेवून, वर २ अंशांपासून खाली ३० अंशांपर्यंत चाचण्या झाल्या.

मापाच्या दुसऱ्या टोकाला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अनंतसुरेश यांच्या गटाने केलेले चिमटे आहेत. स्प्रिंगच्या पोलादाच्या पातळ पत्र्यातून किंवा सिलिकोन रबरातून घडवलेला हा एकसंध चिमटा झेब्राफिश माशाचे अंडे फुटू न देता धरू शकतो. त्यात बल मोजायचे वेगळे उपकरण नाही. सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यातून चिमट्याच्या फांद्या किती वाकल्या ते पाहायचे. फांद्यांचा ताठपणा ठाऊक असल्याने त्या वाकण्यावरून अंड्यावरचे बल उलट गणिताने निघते. रिबिट असलेल्या सांडशीत हे करता येत नाही, कारण तिथे बलाचा काही भाग घर्षण गिळते आणि किती गिळते हे दर वेळी बदलते. एकाच तुकड्याच्या चिमट्यात घर्षण नाही. टोकावर जे बल लागते ते फांद्यांच्या वाकण्यात जसेच्या तसे उमटते, आणि कॅमेऱ्याला ते वाचता येते.